"आहे, पण फिल्मवर आहे": विद्यापीठ ग्रंथालयातली मायक्रोफिल्म आणि मायक्रोफिश कशी वापरायची

जुनी वर्तमानपत्रं, सरकारी अहवाल, दुर्मीळ पुस्तकं किंवा प्रबंध शोधताना ग्रंथपालांकडून "आहे, पण फिल्मवर आहे" हे उत्तर कधी ना कधी मिळतंच. फिल्मवर म्हणजे पानांची अगदी लहान केलेली छायाचित्रं, जी यंत्रावर मोठी करून वाचायची. ते ऐकून काही जण विषयच बदलतात. यंत्र अवघड असेल, डोळे दुखतील, दिवस वाया जाईल अशी भीती असते. खरं तर यंत्र थोड्या वेळात हाताळता येतं. दिवस वाया जातो तो वेगळ्याच कारणाने. फिल्मवर शब्द टाकून शोधता येत नाही, आणि तरीही माणसं "बघू काय सापडतंय" म्हणून रीळ लावून बसतात. कोणती तारीख, कोणतं पान, कोणतं रीळ हे खुर्चीत बसण्याआधी ठरलेलं हवं. म्हणून या लेखाचा बराचसा भाग यंत्राच्या बाहेरचा आहे.

सगळं ऑनलाइन असताना हे कशाला?

सगळं ऑनलाइन नाही, हे पहिलं कारण. दुसरं कारण फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. जुन्या वर्तमानपत्रांचे जे डिजिटल संग्रह आज दिसतात, त्यांतले बरेचसे मूळ कागदावरून नव्हे, तर मायक्रोफिल्मवरूनच स्कॅन झालेले आहेत. फिल्म घेताना जे पान सुटलं, ते तिथेही सुटलेलंच आहे. शिवाय अंधूक छपाईवर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, अडखळतं, त्यामुळे शब्द पानावर असूनही शोधात येत नाही. अशा वेळी तारीख माहीत असेल तर फिल्म चाळणं हाच खात्रीचा मार्ग उरतो. तिसरं म्हणजे, फिल्म झाल्यावर अनेक ग्रंथालयांनी मूळ अंक काढून टाकले. काही अंकांच्या बाबतीत आता फिल्म हीच मूळ प्रत समजायची.

तुमच्या हातात नेमकं काय येणार आहे

मागणी नोंदवण्याआधी सामग्री कोणत्या रूपात आहे ते पाहा, कारण यंत्र त्यावर ठरतं.

वर्तमानपत्रं बहुधा 35 मिमी रुंदीच्या फिल्मवर असतात. एका रिळात साधारण 100 फूट, म्हणजे तीस मीटरच्या आसपास फिल्म असते. दैनिक असेल तर त्यात काही आठवडे ते काही महिने मावतात, साप्ताहिकाची कित्येक वर्षं एकाच रिळात असू शकतात. 16 मिमीची अरुंद फिल्म कार्यालयीन कागदपत्रांसाठी आणि काही नियतकालिकांसाठी वापरली गेली. ती कधी उघड्या रिळावर, तर कधी प्लास्टिकच्या बंद कार्ट्रिजमध्ये असते.

मायक्रोफिश म्हणजे साधारण पोस्टकार्डाएवढं, 105 × 148 मिमीचं फिल्मचं सपाट पत्रक. 24 पट लहान केलेल्या पत्रकावर सात ओळी आणि चौदा स्तंभ मिळून 98 पानं बसतात. संगणकातून थेट फिल्मवर उतरवलेल्या याद्या आणि तालिका 42 किंवा 48 पट लहान केलेल्या असतात. त्यांच्या एका पत्रकावर दोनशेहून जास्त पानं असतात आणि त्यासाठी रीडरला, म्हणजे वाचण्याच्या यंत्राला, जास्त ताकदीची लेन्स लागते. मजकूर ठिपक्यांसारखाच दिसत राहिला तर पत्रक खराब आहे असं समजू नका, आधी लेन्स बदलून मागा.

आणखी दोन प्रकार क्वचित भेटतात. एक म्हणजे अपारदर्शक कार्ड, ज्यात पानं फिल्मऐवजी जाड कागदावर सूक्ष्म आकारात उतरवलेली असतात. त्यातून प्रकाश आरपार जात नाही, म्हणून नेहमीचा रीडर चालत नाही. ज्यात प्रकाश परावर्तित होतो असं वेगळं यंत्र लागतं आणि ते सगळीकडे नसतं. दुसरं अ‍ॅपर्चर कार्ड: पंचकार्डाच्या, म्हणजे जुन्या संगणकांच्या छिद्रं पाडलेल्या कार्डाच्या, खिडकीत 35 मिमी फिल्मची एकच फ्रेम बसवलेली. हे मुख्यतः अभियांत्रिकी आराखड्यांसाठी असतं.

तालिकेत शोधताना

ग्रंथालयाच्या ऑनलाइन तालिकेत (कॅटलॉगमध्ये) शीर्षक टाका आणि स्वरूपाच्या गाळणीत "मायक्रोफॉर्म" निवडा, म्हणजे मायक्रोफिल्म, मायक्रोफिश वगैरे सगळे प्रकार त्यात येतात. एकाच वर्तमानपत्राच्या कागदी, फिल्मवरच्या आणि डिजिटल प्रतींच्या नोंदी अनेकदा स्वतंत्र असतात, म्हणून पहिल्या नोंदीवर थांबू नका. नोंद उघडल्यावर सगळ्यात आधी "उपलब्ध अंक" हा भाग वाचा. शीर्षक 1890 ते 1950 चालू होतं म्हणून ग्रंथालयाकडे साठ वर्षांची फिल्म असेलच असं नाही. मध्ये चार वर्षांचं भगदाड असू शकतं आणि ते त्याच ओळीत लिहिलेलं असतं.

वर्तमानपत्रांची नावं बदलतात. दोन पत्रं एकत्र होतात, सायंआवृत्ती वेगळ्या नावाने निघते, "साप्ताहिक"चं "दैनिक" होतं. प्रत्येक नावाची नोंद वेगळी असते. नोंदीतल्या "आधीचं शीर्षक" आणि "पुढचं शीर्षक" या दुव्यांवरून मागेपुढे जा, नाहीतर हवं ते वर्ष ग्रंथालयात असूनही दिसणार नाही.

खरी मेख मोठ्या संचांमध्ये आहे. शेकडो रिळांचा किंवा हजारो पत्रकांचा संच ग्रंथालयाने विकत घेतलेला असतो आणि तालिकेत त्याची कधी कधी एकच नोंद असते. आत कोणती पुस्तकं आहेत हे तालिका सांगत नाही, संचाबरोबर आलेली मार्गदर्शिका सांगते. युजीन पॉवर यांनी 1938 मध्ये स्थापन केलेल्या युनिव्हर्सिटी मायक्रोफिल्म्स या कंपनीने ब्रिटिश म्युझियममधली जुनी इंग्रजी पुस्तकं फिल्मवर घेतली, त्या मालिकेचं उदाहरण घ्या. तिथे आधी प्रमाणित ग्रंथसूचीतून पुस्तकाचा क्रमांक काढायचा, मग मार्गदर्शिकेत त्या क्रमांकापुढे रीळ बघायचं. शिक्षणशास्त्रातल्या एरिक संग्रहाची पत्रकं अशीच दस्तऐवजाच्या ईडी क्रमांकाने लावलेली असतात, लेखकाच्या नावाने ती कपाटात सापडत नाहीत. ही मार्गदर्शिका कधी संदर्भ विभागात छापील रूपात असते, कधी फिल्मच्या कपाटावरच ठेवलेली असते, तर कधी संचाच्या पहिल्या रिळावर फिल्म केलेली असते. ती मागून घ्या. माझ्या मते मायक्रोफॉर्म विभागातलं सगळ्यात कामाचं साधन हेच आहे, आणि सगळ्यात कमी मागितलं जाणारंही.

वर्तमानपत्रासाठी मार्गदर्शिकेचं काम निर्देशांक, म्हणजे विषयवार सूची, करतो. न्यूयॉर्क टाइम्स किंवा लंडनचा टाइम्स अशा मोजक्या पत्रांचे छापील निर्देशांक आहेत. विषय पाहिला की तारीख, पान आणि स्तंभ मिळतो. ज्या पत्राला निर्देशांक नाही, तिथे एक आडवाट आहे. त्याच घटनेची तारीख निर्देशांक असलेल्या दुसऱ्या पत्रातून, चरित्रातून किंवा सरकारी अहवालातून काढा आणि ती घेऊन आपल्या पत्राकडे या. बातमी दुसऱ्या दिवशी छापली जाते, लांबच्या गावची आणखी उशिरा, आणि साप्ताहिकात आठवड्याने. त्यामुळे घटनेच्या तारखेपासून पुढचे काही अंक धरून चाला.

शेवटी कागदावर एक तक्ता करा: शीर्षक, कॉल नंबर (कपाटातली जागा सांगणारा ग्रंथालयाचा क्रमांक), रीळ क्रमांक, तारखा, काय शोधायचंय. एकाच रिळातली सगळी कामं एकाखाली एक लिहा. फिल्म बाहेरच्या गोदामात ठेवलेली असेल तर ती एक-दोन दिवस आधी मागवावी लागते, आणि थंड साठवणुकीतून आणलेली फिल्म खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय डबी उघडू देत नाहीत. उघडली तर फिल्मवर दव धरतं. स्कॅनरची वेळ आरक्षित करावी लागते का, तेही याच वेळी विचारा.

रीळ लावणं

डबीवरचं लेबल वाचा, मग रिळावरचं वाचा. दोन्ही जुळतात का ते बघा. आधीच्या वाचकाने रिळं भलत्या डबीत घातलेली असणं ही या विभागातली नेहमीची गोष्ट आहे.

साध्या रीडरवर भरलेलं रीळ बहुधा डाव्या दांडीवर आणि रिकामं उजव्या दांडीवर बसतं. बऱ्याच रिळांना एका बाजूला चौकोनी आणि दुसऱ्या बाजूला गोल छिद्र असतं. ज्या बाजूने ते दांडीच्या खाचेत पूर्ण बसतं ती बाजू बरोबर, जोर लावायची गरज पडली तर रीळ उलटं धरलंय. फिल्मचं सुरुवातीचं कोरं टोक, म्हणजे लीडर, हातभर ओढून घ्या. पहिल्या रोलरखालून, काचेच्या दोन पट्ट्यांमधून आणि पलीकडच्या रोलरखालून ते न्या. रिकाम्या रिळाच्या खाचेत टोक अडकवून हाताने दोन वेढे द्या आणि मगच मोटर चालू करा. फिल्म रिळाच्या वरून सुटते की खालून, हे यंत्रागणिक बदलतं. यंत्रावर त्याची आकृती चिकटवलेली असते, तिच्याकडे बघूनच लावा.

पडद्यावर अक्षरं आरशात दिसल्यासारखी उलटी आली तर फिल्मची बाजू उलटली आहे, पुन्हा ओवावी लागेल. नुसतं पान आडवं किंवा डोक्यावर उभं असेल तर फिल्मला हात लावू नका, प्रतिमा फिरवण्याचं बटण किंवा लेन्सभोवतीची कडी त्यासाठीच आहे. नव्या यंत्रांत पडद्याच्या जागी कॅमेरा आणि संगणक असतो. ओवण्याची पद्धत तीच, बाकीचं सॉफ्टवेअरमधून होतं.

फिल्म नेहमी कडांना धरा. एक बाजू चकचकीत आणि दुसरी किंचित मंद असते. मंद बाजूला प्रतिमेचा थर असतो, तिथे ओरखडा गेला तर अक्षरच जातं. काचेच्या पट्ट्यांवर धूळ दिसली तर कर्मचाऱ्यांना पुसून द्यायला सांगा, कारण अडकलेला एक कण पूर्ण रिळावर सरळ रेघ ओढत जातो.

चाळायचं कसं

सुरुवातीच्या फ्रेम घाईने पळवू नका. त्यांवर मोठ्या अक्षरांत शीर्षक, तारखांचा आवाका, फिल्म कुणी आणि कुठल्या प्रतीवरून घेतली, किती पट लहान केली, हे लिहिलेलं असतं. काही रिळांवर गहाळ अंकांची यादीही इथेच मिळते. मध्येही अशा सूचना येतात: "पान गहाळ", "मूळ प्रत फाटलेली", "हे पान पुन्हा घेतलं आहे", आणि शेवटी "पुढे दुसऱ्या रिळावर". त्या छायाचित्रकाराने तुमच्यासाठीच लिहून ठेवल्या आहेत.

मग तारखेकडे जायचं. रिळात जानेवारी ते मार्च आहे आणि तुम्हाला 20 फेब्रुवारी हवी, तर अर्ध्याच्या थोडं पुढे जाऊन थांबा आणि तारीख बघा. पुढे गेला असाल तर उरलेल्या अंतराच्या निम्मं मागे या. अशा चार-पाच उड्यांत नेमका अंक हाती लागतो. डाव्या आणि उजव्या रिळावरच्या गुंडाळीची जाडी बघून किती फिल्म गेली याचा अंदाज आपोआप येऊ लागतो. यंत्राला फ्रेममोजणी किंवा अंतरमापक असेल तर सुरुवातीला तो शून्यावर आणा आणि सापडलेल्या अंकाचा आकडा टिपून ठेवा, पुन्हा यायला सोपं जातं.

वेगाने फिल्म पळताना पडद्याकडे टक लावून बघू नका. अनेकांना त्याने मळमळतं, गाडी लागल्यासारखं. नजर बाजूच्या वहीकडे न्या आणि थांबल्यावरच वर बघा. तासाभराने उठून लांबवर बघणं डोळ्यांसाठी गरजेचं आहे. खोलीतला दिवा मंद केला तर जुन्या पडद्यांवर अक्षरं बरीच ठळक दिसतात.

पान सापडलं तरी त्या अंकाची पुढची-मागची पानं चाळा. बातमीचा उरलेला भाग आतल्या पानावर असतो, दुरुस्ती दोन दिवसांनी येते, अग्रलेख तिसऱ्या दिवशी. शब्द टाकून शोधणाऱ्याला हे शेजार दिसत नाही. फिल्मवर काम करण्यातला, मला वाटतं, खरा फायदा हाच आहे. वेळ खाणारा आहे, हे मान्य.

स्कॅन

फिल्म निगेटिव्ह असेल तर काळ्यावर पांढरी अक्षरं दिसतात. सॉफ्टवेअरमध्ये ध्रुवता उलटवून पांढऱ्यावर काळी करा, वाचायला आणि छापायला तेच बरं. त्यानंतर क्रम असा ठेवा: आधी प्रतिमा सरळ करणं, मग मोठी करणं, मग फोकस, आणि उजेड-कॉन्ट्रास्ट सगळ्यात शेवटी. झूम बदललं की फोकस हलतो, म्हणून आधी फोकस करून उपयोग नाही. फोकस अगदी बारीक टाइपावर करा, मोठ्या मथळ्यावर तो नेहमीच ठीक वाटतो.

आपोआप उजेड ठरवणारी सोय फ्रेमभोवतीच्या काळ्या कडेमुळे फसते. कड बाहेर राहील अशी चौकट आखून घेतली की ती सुधारते. मूळ खंडाची शिवण घट्ट असेल तर आतल्या बाजूचा स्तंभ काळवंडलेला दिसतो. त्यासाठी वेगळ्या उजेडावर दुसरा स्कॅन घ्या, एकाच स्कॅनमध्ये दोन्ही साधायचा हट्ट नको. छायाचित्रांचंही तेच. मायक्रोफिल्म मजकुरासाठी, जास्त कॉन्ट्रास्टवर घेतलेली असते, त्यामुळे फोटोतले मधले करडे रंग त्यात आधीच गेलेले असतात. कॉन्ट्रास्ट कमी करून जेवढं मिळेल तेवढं घ्यायचं.

निव्वळ काळा-पांढरा प्रकार फाइल लहान ठेवतो, पण पुसट अक्षरं गिळतो. करड्या छटांचा प्रकार निवडा. 300 डीपीआय (दर इंचातले ठिपके) बहुतेक कामांना पुरतं, बारीक टाइपाला 400 ते 600. मात्र नुसता आकडा वाढवून फिल्मवर नसलेला तपशील येत नाही. आधी लेन्सने प्रतिमा मोठी करा, मग स्कॅन घ्या. वाचण्यापुरतं पीडीएफ चालेल. पुढे छापायचं किंवा ओसीआर करायचं असेल तर टिफ या प्रकारची प्रतिमा-फाइल ठेवा.

प्रत्येक बातमीमागे तीन गोष्टी घ्या: बातमीचा मोठा केलेला भाग, ती ज्या पानावर आहे ते पूर्ण पान, आणि तारीख दिसणारा अंकाचा मथळा. रिळाची पहिली माहितीची फ्रेमही एकदा घेऊन ठेवा. फाइलचं नाव जागेवरच द्या, "शीर्षक-1932-03-14-पान05-रीळ07" अशा धर्तीवर. वर्ष-महिना-दिवस हा क्रम ठेवला की फाइली आपोआप तारखेनुसार लागतात. यंत्राने दिलेली "स्कॅन001" ही नावं घरी नेली तर त्यांचा उलगडा करणं फिल्म चाळण्याहून कंटाळवाणं होतं. उठण्याआधी पेन ड्राइव्हवरच्या दोन-तीन फाइली उघडून बघा. स्कॅनर बंद असेल तर पडद्याचा मोबाइलने फोटो घेता येतो, पण खोलीतल्या दिव्याची चमक टाळा आणि तो कामचलाऊच समजा.

मायक्रोफिशचं वेगळेपण

पत्रकाच्या वरच्या पट्टीवर साध्या डोळ्यांनी वाचता येईल असं शीर्षक, क्रमांक आणि "3 पैकी 2" अशी पत्रकसंख्या असते. त्यावरून योग्य पत्रक काढा. रीडरचा काचेचा खण पूर्ण पुढे ओढला की वरची काच उचलली जाते. पत्रक आत ठेवून खण मागे सरकवला की काच बसते. बऱ्याच रीडरमध्ये पत्रक डोक्यावर उलटं ठेवावं लागतं. पहिल्यांदा चुकलं तर फिरवून ठेवायचं, एवढंच.

खणाला जोडलेला काटा खालच्या तक्त्यावर फिरतो. तक्त्यावर ओळींना अक्षरं आणि स्तंभांना आकडे असतात. पानं सहसा डावीकडून उजवीकडे, ओळीमागून ओळ अशी जातात. पण संगणकीय याद्यांच्या पत्रकांत ती वरून खाली, स्तंभामागून स्तंभ अशीही असतात, आणि त्यांच्या एका कोपऱ्यातल्या चौकटीत निर्देशांक असतो. दोन-तीन चौकटी बघून क्रम कळतो.

पत्रक ज्या पाकिटातून काढलं त्याच पाकिटात, एका वेळी एकच, असा नियम ठेवा. काही हजार पत्रकांच्या खणात चुकीच्या जागी गेलेलं एक पत्रक शोधणं जवळपास अशक्य असतं. म्हणूनच बहुतेक ठिकाणी वाचलेली पत्रकं वाचकाने परत लावू नयेत, ट्रेमध्ये ठेवावीत असं सांगितलेलं असतं. ते ऐका.

नोंद कशी ठेवायची

शीर्षक, तारीख, पान, स्तंभ ही नेहमीची माहिती. त्यात भर: मायक्रोफिल्म किंवा मायक्रोफिश असा उल्लेख, संचाचं नाव, प्रकाशक, रीळ किंवा पत्रक क्रमांक, फ्रेम क्रमांक असल्यास तो, आणि ग्रंथालय. पत्रकासाठी "पत्रक 2, ओळ क, स्तंभ 9" असं लिहिलं तर दुसरा माणूस मिनिटभरात तिथे पोचतो. आवृत्तीही टिपा. शहर आवृत्ती आणि डाक आवृत्ती (बाहेरगावी पाठवायची) यांत बातम्यांची पानं बदलतात, आणि फिल्मवर सहसा एकच आवृत्ती घेतलेली असते.

त्यामुळे "फिल्मवर सापडलं नाही" याचा अर्थ "छापलं नव्हतं" असा लावताना जपून. अंक गहाळ असेल, पुरवणी फिल्म केलेली नसेल, दोन पानं एकत्र उलटली गेली असतील. पृष्ठक्रमांक सलग आहेत का ते तपासा आणि नोंदीत "या रिळावर पान 7 नाही" इतकंच लिहा. रंगीत छपाईबद्दल काळ्या-पांढऱ्या फिल्मवरून काहीही ठरवू नका.

फिल्म खराब असेल तर

डबी उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म अ‍ॅसिटेटची आहे आणि तिचा पाया विघटन पावतोय. ही प्रक्रिया शेजारच्या रिळांनाही बाधते, म्हणून रीळ यंत्रावर न लावता लगेच कर्मचाऱ्यांना दाखवा. कडा लाटेसारख्या झालेल्या, फिल्म ठिसूळ, लालसर किंवा नारिंगी ठिपके उमटलेले, बुरशीची जाळी, हेही सांगण्यासारखं आहे. नंतरच्या काळातल्या पॉलिएस्टर फिल्मला व्हिनेगरचा हा रोग लागत नाही. फिल्म तुटली तर घरगुती चिकटपट्टी अजिबात लावू नका. जोडण्याचं साधन विभागात असतं.

तुम्ही वाचता ती बहुधा वापराची प्रत असते. नीट चालवलेल्या प्रकल्पात मूळ निगेटिव्ह वेगळ्या ठिकाणी जपलेली असते आणि तिच्यावरून काढलेल्या दुसऱ्या प्रतीवरून वापराच्या प्रती बनवतात. म्हणून एखादा भाग ओरखड्यांमुळे वाचताच येत नसेल, तर रीळ क्रमांक आणि तारखांसह लेखी कळवा. नवी प्रत मागवणं शक्य असतं, पण कुणी तक्रारच केली नाही तर ती मागवली जात नाही.

काम झाल्यावर फिल्म पूर्ण उलटी गुंडाळून मूळ रिळावर आणा, फार आवळू नका. रबरबँड लावू नका, त्यातला गंधक फिल्मला खातो. कागदी पट्टी असेल तर तीच लावा.

ग्रंथालयाकडे नसेल तर

वर्ल्डकॅटसारख्या संयुक्त तालिकेत, म्हणजे अनेक ग्रंथालयांच्या एकत्र कॅटलॉगमध्ये, शीर्षक शोधा आणि कोणत्या ग्रंथालयाकडे तुमच्या वर्षांची फिल्म आहे ते बघा. शिकागोतलं सेंटर फॉर रिसर्च लायब्ररीज ही सदस्य ग्रंथालयांना दुर्मीळ सामग्री पुरवणारी संस्था आहे, आणि जगभरच्या वर्तमानपत्रांची फिल्म हा तिच्या संग्रहाचा मोठा भाग आहे. तुमचं विद्यापीठ सदस्य आहे का ते विचारा. मग आंतरग्रंथालयीन देवघेव विभागात अर्ज भरा. त्यात वर्तमानपत्राचं नाव, गाव आणि नेमक्या तारखा लिहा, "1920 च्या दशकातले अंक" असं लिहिलं तर अर्ज परत येतो. एका वेळी किती रिळं मिळतील यावर सहसा मर्यादा असते आणि ती बहुधा ग्रंथालयातच बसून वाचावी लागतात, म्हणून आल्या दिवसापासूनची यंत्राची वेळ आधीच राखून ठेवा. हवी ती दोन-चारच पानं असतील तर रीळ न मागवता त्या ग्रंथालयाकडून स्कॅन मागवता येतो का ते आधी विचारा.